खुर्ची, गाळणी आणि एक शेरा

८ जानेवारी १९७३, सोमवार

आज सकाळी भारत सरकारने माझी खुर्ची काढून घेतली. इतिहासात नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. वेताची होती. डाव्या हाताशी एक वेत सुटलेला, तो सदऱ्याच्या बाहीत अडकायचा. तरी चार वर्षांचा संसार. संस्थानिकांचे तनखे गेले तेव्हा निदान संसदेत चर्चा तरी झाली. माझ्या बाबतीत शिपाई रंगनाथ आला, म्हणाला, "रावसाहेब, जरा उठता का? मुंबईचं पाव्हनं आल्यात. डायरेक्टर सायबांनी हीच न्यायला सांगितलीय." बदल्यात लोखंडी स्टूल. थंडीच्या दिवसांत लोखंडी स्टूल म्हणजे काय, हे ज्याला बसावे लागते त्यालाच कळते.

खुर्ची मागायचा हक्क नाही, हेच तर दुखणे. आमचे लेखा कार्यालय नगरच्या या लष्करी संशोधन केंद्राच्या आवारातच. यांच्या खर्चावर आम्ही नजर ठेवायची; यांच्याच खुर्चीत बसून, यांच्याच पंख्याखाली, यांचाच चहा पिऊन. नजर कितपत वर जात असेल ते उघड आहे.

११ जाने.

पाहुण्यांचे नाव प्रधान. टेरिलीनचा सूट, सोनेरी काडीचा चष्मा, माझी खुर्ची. त्यांची कंपनी लष्करी गाड्यांसाठी हवेची गाळणी बनवणार. इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून. 'बनवणार' हे नीट वाचावे. अजून एका नमुन्यापलीकडे काही बनवलेले नाही. संशोधन कंपनी करील, पैसे सरकार देईल. टेंडर नाही. कारण फाइलवर डायरेक्टरांचे सर्टिफिकेट आहे की ही वस्तू देशात दुसरे कोणीही देऊ शकत नाही. याला मी पतिव्रता-प्रमाणपत्र म्हणतो. डायरेक्टरांना हे कोणी सांगितले? प्रधानांनी. प्रधानांना? आरशात बघून विचारले असणार.

फाइल माझ्याकडे सहमतीला आली आहे. खुर्ची आधी गेली, फाइल मागून आली. क्रम लक्षात ठेवण्याजोगा.

१२ जाने.

पाटोळे आला. वर्कशॉपचा फोरमन. मूळचा शेवगावचा. रविवारी चर्चमध्ये खर्जात गातो आणि उरलेले सहा दिवस वर्कशॉपात त्याच आवाजात ओरडतो. नम्रता औषधालाही नाही. दोन वर्षे खपून त्यानेही एक गाळणी केली आहे, काथ्याची. काथ्या तेलात बुचकळून हवेच्या वाटेत बसवायचा. उत्तम चालते, असे तो म्हणतो. कर्जतच्या अलीकडे एकदा तुंबली होती, असे बाकीचे म्हणतात. त्यावर त्याचे उत्तर, ड्रायव्हर गाढव होता.

मागणी मात्र सरळ. "दोन गाड्या सोडा मिरजगावच्या रस्त्याला. एकीला त्यांची, एकीला माझी. जी इंजिन शाबूत ठेवून परत येईल ती घ्या. मी हरलो तर प्रधानसाहेबांच्या गाळण्या आयुष्यभर धुऊन देतो."

करार झाला तर पाटोळ्याची गाळणी रद्द. त्याची रवानगी आसामकडच्या डेपोत, हे तोंडी कळवून झाले आहे. बायको इथे मिशनच्या दवाखान्यात नर्स, घरी वडील अर्धांगाने पडलेले. हेही त्याने नेहमीच्याच आवाजात सांगितले, म्हणजे सबंध केंद्राला कळले.

जाताना माझ्या स्टुलाकडे पाहून थांबला. दुपारी एक चौकोनी काथ्याचा तुकडा घेऊन आला, जाडजूड, त्याच्या गाळणीच्या पोटातला. "घ्या, बुडाखाली टाका. उसना देतोय हां, बक्षीस न्हाई."

बसायला बरा आहे. जरा टोचतो.

१६ जाने.

शेरा लिहिला.

'सहमती नाही, दोन्ही गाळण्या एकत्र तपासाव्यात' असे एका ओळीत लिहिता आले असते. पण दरवर्षी दिवाळी अंकांना टवाळखोर लेख पुरवून हाताला खोड लागलेली. इंग्रजीत झकास उतरला. मराठीत साधारण असा: 'जी गाळणी या एका कंपनीवाचून सबंध देशात कोणालाच करता येत नाही, तिची परीक्षा घेण्यास तरी दुसरे कोण पात्र असणार? सबब चाचणीचे कामही याच कंपनीकडे सोपवावे आणि सरकारने निर्धास्त झोपावे.'

फाइल डायरेक्टरांमार्फत दिल्लीला जाईल. त्याआधी कचेरीत वाचून दाखवला. दोन्ही कारकून पोट धरून हसले. घरी सौ.ला सांगितला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, हसले ते दोघे तुमच्याच हाताखालचे ना?"

विनोदाच्या बाबतीत या घरात नेहमीच दुष्काळ.

२९ जाने.

प्रधान पुन्हा मुक्कामी. चहाच्या वेळी सांगत होते की त्यांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत चाचणीची धूळ परदेशातून येते. सीलबंद डब्यात. कण कसे एकसारखे! यंदाच्या साली, नगर जिल्ह्यात बसून, हा गृहस्थ विलायती धुळीचे गुण गातो आणि डायरेक्टर मान डोलावतात.

रंगनाथ कपबशा उचलत होता. मिरजगावचा. विहीर आटली, भाऊ आणि भावजय दुष्काळी कामावर खडी फोडतात. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "डबं कशाला मागवायचं, रावसाहेब? आमच्याकडं या म्हनावं. वावरंच्या वावरं उडून चालल्यात. फुकट न्या."

१२ फेब्रुवारी, सोमवार

दिल्लीचे उत्तर आले. जसेच्या तसे उतरवत नाही, हात धजत नाही. मतलब असा: लेखा विभागाची सहमती मिळाली आहे. शिवाय चाचणीचे कामही त्याच कंपनीला द्यावे, ही लेखा विभागाची सूचना विधायक असल्याने मान्य करण्यात येत आहे. केंद्रातील चाचणी विभागाची त्यामुळे गरज उरत नाही.

म्हणजे लबाडीला कुलूप लावायला मला बसवले होते आणि मी किल्ली पुढे केली. तीही यमक जुळवून.

डायरेक्टरांनी बोलावून हात मिळवला. लेखा विभागात इतका सहकार्य करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. परत येतो तो टेबलामागे माझी खुर्ची हजर. सुटलेला वेत बांधलेला. वर हिरव्या रेक्झिनची नवी उशी.

आयुष्यभर वाटायचे, माझा शब्द न् शब्द मन लावून वाचणारा वाचक मिळावा. मिळाला.

१३ फेब्रु.

पाटोळे आला. हळू आवाजात बोलला. हा आवाज त्याच्याकडे आहे हे माहीत नव्हते.

"रावसाहेब, फाइलवरचं ते तुमीच लिव्हलंय?"

म्हटले, हो, पण ती थट्टा होती. सर्टिफिकेटाची टर उडवली होती. कोणत्याही शहाण्या माणसाला कळेल अशी.

"व्हय. वाचलं असतं तर मीबी हसलो असतो. माझ्याकडं नुसती बदलीची ऑर्डर आली."

एक मार्चपासून आसाम. वडिलांना नेता येत नाही, बायकोला नोकरी सोडता येत नाही. परत आलेल्या खुर्चीकडे, नव्या उशीकडे त्याने पाहिले आणि गेला. ओरडला असता तर बरे.

१५ फेब्रु.

डायरेक्टरांकडे जाऊन आलो. शेरा बदलायचा म्हटले. ते सौजन्याने म्हणाले, एकदा दिलेले मत फिरवणे रेकॉर्डला बरे दिसत नाही, आणि खुर्ची ठीक आहे ना आता?

तेव्हा उमगले. उपहास त्यांना कळला होता, पहिल्याच दिवशी. म्हणून तर त्यांनी तो तसाच्या तसा, एक अक्षर न बोलता, दिल्लीला पाठवला. मी यांना इतकी वर्षे मठ्ठ समजत होतो. मठ्ठ कोण, हे लिहून ठेवत नाही. ही वही सौ. वाचते.

१९ फेब्रु., सोमवार

नवा शेरा लिहिला आणि दिल्लीच्या आमच्या मुख्य कचेरीला थेट नक्कल धाडली. त्यात एकही विशेषण नाही. 'माझा मागील शेरा उपहासाने लिहिलेला होता. ती सहमती नव्हती. दुसरा पुरवठादार नाही याचा कोणताही पुरावा फाइलवर नाही. केंद्रातच दुसरी गाळणी तयार आहे. दोन्ही एकाच रस्त्यावर, दोन्ही बाजूंशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्यासमोर चालवून पाहाव्यात. तोवर पैसे देण्यास माझी सहमती नाही.'

आपला विनोद आपणच सरकारला समजावून सांगायचा! याहून वाईट शिक्षा मला तरी ठाऊक नाही.

सौ.ने कच्चा कागद वाचला. म्हणाली, "हे समजलं."

२१ फेब्रु.

डायरेक्टर ओरडले नाहीत. 'पाहिले' असे लिहून सही केली, बस. दुपारी रंगनाथ दारात घुटमळू लागला. म्हटले, ने बाबा, ती बघ, बाहेर काढूनच ठेवली आहे. उशीसकट. तो म्हणाला, "रावसाहेब, तुमाला सवयच झाली म्हना."

स्टूल. वर पाटोळ्याचा काथ्या. माझ्या मापाचा एव्हाना दबला आहे.

२६ फेब्रु., सोमवार

दिल्लीहून काही नाही. पाटोळ्याची ऑर्डर कायम. सामानाची बांधाबांध केलेली नाही, एवढेच रंगनाथकडून कळले.

आणखी एक कळले. चाचणी विभाग रिकामा करताना तिथे ठेवलेल्या पाटोळ्याच्या गाळण्या, काथ्याच्या गाद्यांसकट, शनिवारी भंगाराच्या ट्रकमधून गेल्या. फार चपळाईने झाले. एरवी या केंद्रात मोडकी बादली निकालात काढायला तीन समित्या लागतात. उद्या दिल्लीने चाचणी घ्या म्हटले, तर पाटोळ्याने गाडीला बसवायचे काय?

जेवणाच्या सुट्टीत उठलो. काथ्याचा तुकडा दाराबाहेर नेऊन आपटला, धूळ झाडली, कडा हाताने ओढून सरळ केल्या. वर्कशॉपात गेलो. पाटोळे एकटाच भाकरी खात बसला होता. डब्याशेजारी तुकडा ठेवला. त्याने हात पुसला, उचलून उजेडाकडे धरला, दाबून पाहिला, आणि तोंडातला घास तसाच ठेवून कपाटातून मोजपट्टी काढली.

परत आलो. स्टूल गार होते. बसलो.