आत्याचे एक्क्याऐंशी मार्क

न्यामिरा, ३ मार्च

चि. केरुबोस बोसिबोरी आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून ओंगेरी ड्रायव्हरच्या मटाटू गाडीतून ही चिठ्ठी आणि केळ्यांचा घड पाठवतेय. शनिवारपासून आपल्या ऑनलाइन वर्गाच्या ग्रुपवर काहीच दिसेना. मला वाटलं, मोबाईल बिघडला. दुकानदार हसून म्हणाला, बाई, मोबाईल ठणठणीत आहे, तुम्हालाच ग्रुपमधून काढलंय. कोणी गं? शुक्रवारी आपल्या दोघींच्या गटाचा प्रकल्प द्यायचाय!

मुलांना शिकवून शाळा सुटली की मी आमच्या शाळेच्या ओट्यावर बसते, तिथेच रेंज येते. एकेक लेक्चर तीनतीनदा ऐकून वहीत उतरवते. तू म्हणे पलंगावर लोळत दुप्पट वेगाने ऐकतेस. हेवा वाटतो बाई तुझा. जरा चौकशी कर.

आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
बोसिबोरी

एल्डोरेट, ७ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

केळी मिळाली. तुला ग्रुपमधून मीच काढलं.

मक्याच्या दाण्यांनी वजाबाकी कशी शिकवावी, हे तुझं उत्तर सरांनी दोनशे जणांना वाचून दाखवलं. वर म्हणाले, या बाईंकडून शिका. त्याच संध्याकाळी नैरोबीहून बाबांचा फोन. आत्याला एक्क्याऐंशी आणि तुला चोपन्न, लाज कशी वाटत नाही म्हणाले. आत्या, तुला घर आहे, नोकरी आहे, वर ही शिकायची हौस. मला वसतिगृह, मैत्रिणी, हिरवळीवरच्या गप्पा मिळणार होत्या. मिळाली ही एक खोली आणि स्क्रीनवरचे काळे चौकोन. दोन वर्षांत वर्गातल्या एकीचाही चेहरा मी पाहिलेला नाही. आणि तू दर लेक्चरला लिहितेस, घरबसल्या शिकायला मिळतं, केवढं आपलं भाग्य! अंगाची आग होते. एवढंच काय ते माझ्या वाट्याला आलं, तिथेही तूच पहिली.

बाबांना सांगू नकोस. रागाव, पण तोडू नकोस.

केरुबो

न्यामिरा, १२ मार्च

चि. केरुबोस आशीर्वाद.

दोन दिवस नुसती धुमसत होते. प्रकल्प एकटीने दिला, तुझं नाव घातलं नाही. तिसऱ्या दिवशी सरांना कळवून घातलं.

आता माझं ऐक. एकोणीस वर्षांची असताना मलाही विद्यापीठाचं पत्र आलं होतं, दादाबरोबरच. तुझे आजोबा म्हणाले, एकालाच पाठवता येईल. दादा गेला. सुट्टीत येऊन मित्रांचे किस्से सांगायचा, मी मक्याची उगाली वाढत ऐकायचे. सत्तावीस वर्षं तो हेवा उरात आहे. तुझ्या वर्गात माझं नाव योगायोगाने लागलं नाही. तुझा कोर्स ऑनलाइन झाल्याचं कळलं, त्याच आठवड्यात मी अर्ज भरला. मला दादाच्या मुलीच्या पुढे जायचं होतं. आणि मार्क त्याला कोणी सांगितले असतील? मीच फोन केला. यादीत बघून तुझे चोपन्नही मीच सांगितले.

आता कुठल्या तोंडाने काय मागू? जमलं तर आपली म्हण.

बोसिबोरी

एल्डोरेट, १६ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी चिडले की लेक्चर बुडवलं. मग बाबांनाच फोन लावून विचारलं. आधी त्यांनी विषय बदलून पाहिला. शेवटी म्हणाले, तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. एवढंच बोलले आणि फोन ठेवला.

तुला ग्रुपमध्ये परत घेतलंय. परीक्षेचं केंद्र इथेच आहे, एक दिवस आधी ये आणि माझ्याकडेच उतर. वर्गातल्या दोघींनाही बोलावलंय, त्यांना तुझ्या वह्या बघायच्यात. माझा राग गेलेला नाही, तू आलीस की समोरासमोर काढीन. आणि निकाल लागला की बाबांना फोन मी करणार. तू हातसुद्धा लावायचा नाहीस.

चिडक्या भाचीवरही लोभ ठेव.

तुझीच
केरुबो