गिरणीच्या टाकीत माणूस उतरवू नये

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी साहेब,
उपविभागीय कार्यालय, चिमूर, जि. चंद्रपूर.

अर्जदार : गोकुळा मनसाराम मारबते, रा. सोनेबोडी, ता. चिमूर.

विषय : भात गिरणीच्या सांडपाणी टाकीत मजूर उतरवण्यास तातडीने मनाई करण्याबाबत.
संदर्भ : त्याच टाकीत गेल्या वर्षी झालेला माझ्या पतींचा मृत्यू.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंती की, आम्ही गावतलावातील मासोळीवर जगणारी माणसे आहोत. तलावाच्या वरच्या अंगाला उकड्या तांदळाची गिरणी आहे. तिचे आंबूस पाणी तलावात येई व मासे उलटे होऊन काठाला लागत. माझ्या पतींनी मालकाला खूप विनवले. उपयोग झाला नाही.

नंतर भात गिरणी उद्योजक संघाच्या साधना मॅडम आल्या. सांडपाणी टाकीत निवळून त्यातच पुन्हा धान भिजवावे, कोंड्याची राख वीटभट्ट्यांना विकावी, अशी रीत त्यांनी मालकाला शिकवली. गिरणीचा नफा वाढला, तलावही सुधारला. या कामाबद्दल माझी तक्रार नाही, याची कृपया नोंद व्हावी. जाळ्यात पुन्हा मरळ आली तेव्हा माझे पती ती घरी न आणता आधी गिरणीत दाखवायला घेऊन गेले होते.

त्याच ओळखीने मालकाने त्यांना टाकीतला गाळ काढण्याच्या कामावर घेतले. गाळ पंपाने काढावा, माणूस उतरवू नये, असे मॅडमनी मालकाला बजावले होते, हे त्यांनी मला नंतर सांगितले. पंप काही आला नाही. आधी श्रीहरी नावाचा मजूर आत उतरला व खालीच बसला. कुजलेल्या गाळाचा वायू डोळ्यांना दिसत नाही, साहेब. "श्रीहरीले घेरी आली दिसते, थांबा, मी आणतो त्याले," असे म्हणून माझे पती शिडीने उतरले. दोघेही जिवंत वर आले नाहीत. मी डबा घेऊन पोचले तेव्हा लोक टाकीची भिंत फोडत होते.

दोघे दारू पिऊन होते, असे मालकाने पोलिसांना सांगितले. माझे पती कधीमधी घेत, हे मी लपवत नाही. परंतु त्या सकाळी ते माझ्या हातचा काळा चहा पिऊन गेले होते.

पुढे संघाने चंद्रपूरला मेळावा भरवून त्याच गिरणीचा सत्कार केला. मी तिथे गेले व दोन शब्द बोलू देण्याची विनंती केली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आज आनंदाचा दिवस आहे. हे मग कधी बोलू." साधना मॅडम माझा हात धरून रडल्या, पण माईक मला मिळाला नाही. इतर गिरणीमालक त्या टाकीचा नकाशा मागून घेत होते. तशा टाक्या आता गावोगाव होतील. आत माणूस मरतो, हे त्यांना त्या दिवशी कोणी सांगितले नाही.

भिंत बांधून टाकी पुन्हा सुरू झाली, ती आता गाळाने भरली आहे. येत्या सोमवारी उघडणार आहेत. या वेळी माझे दीर सुरेंद्र यांना बोलावणे आले व त्यांनी होकार दिला. मी त्यांच्यापुढे पदर पसरला. ते खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, मी नाई गेलो तं दुसरा कोणी जाईन."

साहेब, तो दुसराही जाऊ नये. सोमवारच्या आधी कोणाला तरी पाठवा.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
गोकुळा मनसाराम मारबते
दिनांक : गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची प्रत.