आमटीला वास

८ जुलै, मंगळवार
गुडिया आठ किलो दोनशे. महिन्यात तीनशे ग्रॅम वाढली. तिची आई सुनीता हसली, बिहारहून आल्यापासून पहिल्यांदाच. वीस महिन्यांची पोर, आता कुठे स्वतःच्या हातानं अंडं खाते. शिक्रापुरातली आमची फूड बँक म्हणजे एक पत्र्याची खोली, पण कंपनीच्या कॅन्टीनमधली उरलेली उसळ-अंडी रोज येतात म्हणून चाललंय.
आज आमटी आंबली होती, ओतून दिली. फूड बँकेच्या नोंदवहीत 'आमटीला वास' एवढं लिहून वाढायला उठले. अंगणवाडीतून रिटायर झाले तरी लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

१४ जुलै, सोमवार
तपासणीला साहेब आले. नवा नियम. शिजवलेलं अन्न दान घ्यायचं तर परवाना, तापमानाची नोंद, आणखी काय काय. मी तोऱ्यात नोंदवही पुढे केली. हौस, दुसरं काय.
"आमटीला वास. बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना?"
ओतून दिली, म्हटलं.
"तसं लिहिलेलं नाही इथं."
खरंच नव्हतं. त्या नोंदीवरूनच, परवाना येईपर्यंत शिजवलेलं बंद.

१७ जुलै, गुरुवार
कंपनीची गाडी. बिस्किटं, नूडल्स. सीलबंद चालतं. कंपनीच्या मॅडमनी फोटो काढला. कच्ची अंडी मागितली, तर बजेटमध्ये पाकिटंच बसतात म्हणे. बाई चांगली आहे, तिचाही इलाज नाही. केंदूरच्या शेतकरी आप्पांनी मेथी पाठवली, तेवढंच बरं. परवान्याचा अर्ज दिला.

५ ऑगस्ट, मंगळवार
गुडिया सात किलो नऊशे. दोनदा वजन केलं. मुठीत बिस्कीट. सुनीता म्हणाली, "दीदी, पेट तो भर जाता है।"
माझ्या अर्धवट नोंदीनं झालं हे. नियमही चुकीचा म्हणवत नाही, अंगणवाडीत असते तर मीच मागितला असता. राग काढू कुणावर? दिवसभर धुसफुसले, शेवटी तो घरच्यांवर निघाला.

८ ऑगस्ट, शुक्रवार
कॅन्टीनचे दत्तूमामा सकाळीच दारात.
"बाई, उरलेली अंडी रोज खरकट्याच्या बादलीत जात्यात. बघवत न्हाई. मागल्या गेटला या, देतो. फकस्त वहीत लिवू नका."
"मामा, अर्ज दिलाय मी."
"आवं, परवाना कवा यायचा? पोरगी तवर काय खाईल?"


११ ऑगस्ट, सोमवार
गेले. चोरासारखी, पदर डोक्यावर घेऊन. बारा अंडी, अजून गरम. एकेकाचा वास घेतला, एक स्वतः खाऊन अर्धा तास थांबले, मग वाटली. गुडियानं आधी पिवळं खाल्लं, मग बोटं चाटली.
हे माझ्या डायरीत लिहितेय, फूड बँकेची नोंदवही समोर उघडीच आहे. तारीख घातलीय. अंडी लिहिली तर मामांची नोकरी जाईल. नाही लिहिली आणि उद्या एखाद्या पोराला काही झालं, तर...
सुनीता दारातून विचारतेय, "दीदी, कल भी मिलेगा?"