मालकाला दिलेलं उत्तर

ऋतुजा मॅडमना ज्ञानूचा नमस्कार,

हेवी लायसन हातात आल्यावर तुमी ड्रायव्हिंग स्कूलमधून मला चार ट्रान्सपोर्टवाल्यांकडं पाठवलं. अनुभव न्हाय म्हणून सगळ्यांनी माघारी लावलं. पाचव्या वेळी तुमी बजावलं, "काका, काहीही विचारलं तरी हो म्हणा."

मालकानं विचारलं, "भरलेली गाडी घाटातनं उतरवशील?"

हो ओठावर आलं होतं. पण समोरनं एखादी एस्टी आली तर, असं मनात आलं आणि मी म्हणालो, "न्हाय मालक. शिकवलं तर उतरवीन."

मालक म्हणाले, "हो म्हणणाऱ्यानंच माझी एक गाडी दरीत घातली. उद्यापासून आपल्या जुन्या ड्रायव्हर मानसिंगअण्णाच्या शेजारी बस. तो शिकवंल."

आता तुमी नव्या बॅचला सांगता म्हणं, ज्ञानूकाका हो म्हणाले म्हणून नोकरी लागली. ज्या बाईनं माझ्यासाठी पाच ठिकाणी फोन केले, तिला खोटं पाडायला जीव होत न्हाय. म्हणून हे पत्र टाकत न्हाय. रविवारी येऊन तुमचं नाव न काढता पोरांना मीच सांगीन, येत नसंल तर न्हाय म्हणा.

काल तुळजापूरचा घाट भरल्या गाडीनं उतरलो. मानसिंगअण्णा शेजारी घोरत होते.

तुमचा,
ज्ञानू ड्रायव्हर