एक तारखेचा फोटो

३ नोव्हेंबर २०२४
सात महिने या वहीत काही लिहिलं नाही. माफी असावी. लिहायला बसलं की खरं लिहावं लागतं.

तर खरं. दीड वर्षापूर्वी पुण्याची नोकरी घेऊनच मी सोनाळ्याला राहायला आले. आई एकटी आहे म्हणून — असं गाव समजतं. गावी राहून काम करणाऱ्यांना कंपनी एकरकमी अडीच लाख भत्ता देत होती, हे आईलाही माहीत नाही. भत्ता नसता तर आले असते? त्याआधी दहा वर्षं नव्हते आले राहायला.

दर एक तारखेला कंपनीला पुरावा लागतो — ग्रामपंचायतीच्या पाटीसमोर फोटो. आई ठेवणीतलं लुगडं नेसून शेजारी उभी राहते. "तुह्या सायबाले दिसू दे, म्हातारी खुशाल हाय."

९ नोव्हेंबर
मीटिंग असली की आई काठी घेऊन दारात बसते. आज शेजारच्या माणिकरावांचा ट्रॅक्टर थांबवला. "बंद कर बे ते! माह्या पोरीचं ऑफिस चालू हाय."
"काकू, ऑफिस हाय का बाळंतीण?"
माझा माइक चालू होता. पुण्यात सगळे हसले.

१५ नोव्हेंबर
पौर्णिमा. विहारात वंदना झाल्यावर आई बायांना सांगत होती, "समता माह्यासाठी आली." मी खाली मान घालून खीर वाटत राहिले.

२१ नोव्हेंबर
कंपनीचा मेल. योजना बंद. एक जानेवारीपासून सर्वांनी पुण्यात ऑफिसला हजर व्हायचं. भत्ता परत मागणार नाहीत.
साहेबांना फोन केला. "आईंना इकडेच आणा ना, मॅडम." आणलं होतं एकदा. चौथ्या दिवशी म्हणाली, "इथं कोनी दारात बसत नाही काय?" पाचव्या दिवशी परत सोडून आले.
त्रेचाळीस वय. घरी राहून करण्याच्या सहा नोकऱ्यांसाठी अर्ज केले.

२४ नोव्हेंबर
आईला सांगितलं नाही.

१ डिसेंबर
आता फोटो नको होता. आई लुगडं नेसून तयार. काढला.

१० डिसेंबर
आज सांगायचंच म्हणून तिच्याजवळ बसले. तीच आधी बोलली.
काल माणिकरावांच्या गाडीवर ती संग्रामपूरला तहसीलमध्ये गेली होती. निराधार योजनेचे तिला महिन्याला पंधराशे मिळतात. त्यासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता.
"बाबूनं विचारलं, सांभाळनारं कोनी हाय काय. खोटं काऊन सांगू? लिहून देलं — पोरगी आली, माहा पगार बंद करा. ज्याले कोनी नाही त्याले भेटन."
बाबू हसला म्हणे. "असं लिहून देनारी तूच पहिली, मावशी."
हे सांगताना ती किती खूश होती. मी चहा ठेवायला उठले.

१८ डिसेंबर
सहाही ठिकाणांहून नकार.

२३ डिसेंबर
सांगितलं. भत्त्याचंही सांगितलं.
आई तूर निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "मंग तो फोटो सायबाले माह्यासाठी नोयता लागत."

उद्या: तहसीलमधून निराधारचा कोरा अर्ज आणणे.