आत किती, बाहेर किती

२ नोव्हेंबर

पोहोचले एकदाची. जीपमध्ये माझ्या शेजारी गॅसचं सिलिंडर होतं आणि प्रत्येक खड्ड्यात ते माझ्या गुडघ्याची विचारपूस करत होतं. पण फाटकापाशी उतरले आणि सगळा शीण गेला. समोर डोंगरभर उंच, सरळसोट झाडं. हवा अशी की पहिला श्वास घेताना खोकलाच आला.

एकोणीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारले. शाळा बंद पडली आणि एक्केचाळिसाव्या वर्षी मी जंगलात तंबू ठोकायला येणाऱ्यांची नोंद ठेवणारी कारकून झाले. झेपेल का तुला, असं दादाने तीनदा विचारलं. वहिनीने एकदाही विचारलं नाही.

कचेरी म्हणजे फाटकाच्या बाहेर एक लाकडी खोली. टेबल, भिंतीवरचं घड्याळ, फाटकाकडे उघडणारी खिडकी आणि एक जाडजूड नोंदवही. तिच्यात दोनच रकाने : आत आणि बाहेर. येताना सही, जाताना सही. मागच्या अंगाला पहारेकऱ्यांचं घर. त्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून त्यांची बायको मामी. त्यांच्याच पडवीतली खोली मला दिलीय. मामींनी गरम पाण्याची बादली आधीच भरून ठेवली होती. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझी वाट पाहिली.

५ नोव्हेंबर

नियम पाठ झाले. तंबू फक्त आखून दिलेल्या बारा जागांवर ठोकायचा. खाण्याचं सामान लोखंडी पेटीत ठेवायचं. जाळ करायचा नाही. शिट्टी वाजवायची नाही. पंधरा तारखेला दुपारी बाराला फाटक बंद, ते बर्फ वितळल्यावरच उघडायचं. एका बाजूला सरळ कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे दोन पुरुष उंचीचं तारेचं कुंपण. म्हणजे वाट एवढी एकच.

मी विचारलं, कुणी आत राहिलं तर?

“तर तो आत राहतो,” मामा म्हणाले.

मला हसू आलं. मामी बटाटे सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मामा तीस वर्षं या फाटकावर आहेत. त्यांच्या विनोदाची तऱ्हा कळायला वेळ लागेल मला.

९ नोव्हेंबर

आज एक गोड जोडपं आलं. ते निवृत्त शिक्षक, गणिताचे. त्यांची बायको त्यांना ‘सर’ म्हणते आणि ते तिला ‘बाई’. चाळीस वर्षं एकाच शाळेत दोघं, घरीही तेच पडलं म्हणे. सरांनी सही करता करता माझ्या वहीतली कालची बेरीज तपासली आणि एक चूक काढली. बाईंनी त्यांना कोपर मारलं आणि मला पिशवीतून दोन संत्री दिली. अक्षर काय सुरेख सरांचं, एकेक अक्षर ओळीवर नीट बसवलेलं.

बारा नंबरची जागा मागितली त्यांनी. सगळ्यात लांबची, तीन तासांची चढण. मी म्हटलं, पंधरा तारखेला बाराच्या आत खाली या हं. सर म्हणाले, आम्ही आयुष्यभर घंटेवर चाललो आहोत.

१५ नोव्हेंबर

हे नीट लिहायला हवं.

सकाळी आत अकरा माणसं होती. साडेअकरापर्यंत नऊ बाहेर आली, सह्या झाल्या. राहिले सर आणि बाई. मामांनी फाटकासमोरची पानं झाडली, घड्याळाकडे पाहिलं आणि बाराला कुलूप लावलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी ते वळणावर दिसले. दोन्ही पाठपिशव्या सरांच्या खांद्यावर, बाई काठी टेकत लंगडत. पाय मुरगळला होता. दोघं हसत होते. कुलूप दिसलं तरी हसत होते.

दुसरी चावी माझ्या ड्रॉवरमध्ये असते. मी ती घेऊन उठले. मामांनी माझ्या हातावर हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. म्हणाले, सात वर्षांपूर्वी त्यांनी एकूण एक माणूस बाहेर काढला होता. आत किती, बाहेर किती, हिशोब चोख. चौथ्या दिवशी ‘ते’ कुणीच आत नाही म्हणून खाली आलं. मामांचा बावीस वर्षांचा मुलगा मागच्या अंगणात लाकडं फोडत होता. कुऱ्हाड सापडली. तेव्हापासून दर वर्षी एक तरी आत ठेवावा लागतो. नियम मोडणारा मिळाला तर बरं, एवढंच.

मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, तेव्हा मला खरं वाटलं.

सर तारेतून हात जोडत होते. मी चावी ड्रॉवरमध्ये ठेवली.

मग खालच्या कचेरीतून साहेबांचा फोन. आत किती? अकरा. बाहेर किती? नऊ. ते म्हणाले, नोंद पूर्ण करून टाका.

मी पूर्ण केली. बाईंची सही सोपी होती. सरांचं अक्षर तीनदा कच्च्या कागदावर गिरवलं. छान जमलं.

१६ नोव्हेंबर

त्यांनी फाटकापासून वीस पावलांवर तंबू ठोकलाय. खिडकीतून सरळ दिसतो. मी पडदा ओढला.

दुपारी मामींनी वाढलं. मी जेवले. भूक नव्हती असं लिहिणार होते, पण पोटभर जेवले.

१७ नोव्हेंबर

मामा नको म्हणाले होते, तरी मी पाण्याची बाटली तारेखालून सरकवायला गेले. बाई सरपटत आल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात सांगत राहिल्या. कालपासून तंबूमागे काहीतरी बसलंय. दिसत नाही. गवत तेवढं दबलेलं दिसतं, बैल बसून उठावा तसं. आणि श्वास ऐकू येतो. हे दोघं श्वास घेतात तेव्हाच ते घेतं. यांनी रोखला की तेही रोखतं.

सरांनी अंतर मोजलं. काल अकरा पावलं. आज आठ.

१८ नोव्हेंबर, सकाळी

पाच पावलं. सर आता बोलत नाहीत. बाईंनी पडल्या पडल्या हाताची पाच बोटं दाखवली.

जंगलात एक पाखरू ओरडत नाही. पानसुद्धा वाजत नाही.

मला हे होणार नाही. दुपारी मामा जेवून पडतात. तेव्हा कुलूप काढते. खाली यायचं ते येऊ दे. माझी सही खोटी आहे, ती मीच खोडते.

१८ नोव्हेंबर, दुपारी

ही रोजनिशी कोटाच्या खिशात होती म्हणून लिहिते आहे.

कुलूप काढलं. चावी तशीच लटकत राहिली. बाईंना उठवेना, त्यांनी हात पुढे केला, म्हणून मी आत गेले. वीस पावलं. त्यांना काखेत धरणार, तेवढ्यात त्या उठल्या. नीट उठल्या. सरांनी त्यांचा हात धरला आणि दोघं माझ्या शेजारून चालत गेले. धावलेसुद्धा नाहीत. पाय लंगडत नव्हता.

सरांनी फाटक ओढलं. कुलूप सरांनीच लावलं.

मामा पायरीवर उभे होते. झोपलेले नव्हतेच. आदल्या दिवशी मी आंघोळीला गेले तेव्हा तिघांचं बोलणं झालं होतं म्हणे. मामांनीच सांगितलं, अगदी शांतपणे, एक पुरतो, दोघं कशाला. ही स्वतःहून आत येईल, असं बाई माझ्याबद्दल म्हणाल्या होत्या. पोरगी मनाची चांगली आहे, असं म्हणाल्या होत्या.

बाईंनी मागे पाहिलं नाही. सरांनी पाहिलं. अवघड गणित सुटल्यावर वर्गाकडे पाहावं तसं.

१९ नोव्हेंबर

रात्र त्यांच्याच तंबूत काढली. मागच्या गवतात खळगा. मोजलं. अकरा पावलं. माझ्यासाठी पहिल्यापासून सुरू केलंय.

मामांना हात जोडले, पदर पसरला, आईबहिणीवरून शिव्या दिल्या. ते पानं झाडत राहिले. माझी ‘बाहेर’ची सही झाली म्हणाले. ग्रंथालयाचं अक्षर सोपं असतं.

मामी एकदा खिडकीत आल्या. त्यांनी पडदा ओढला.

२१ नोव्हेंबर

काल आठ होती. आज सहा.

कुंपणाच्या कडेकडेने कड्यापर्यंत चढले, कुठे फट असेल म्हणून. नाही. वरून कचेरी दिसली, काडेपेटीएवढी. पायरीवर एक माणूस. खांदा एका बाजूला झुकवून उभा. दादा. तसं दुसरं कुणी उभं राहत नाही.

ओरडले. घसा फाटेपर्यंत. वारा उलटा होता.

खाली यायला तास लागला. तो गेला होता.

मामांनी सांगितलं. फोन लागत नाही म्हणून आला होता. मी नोकरी सोडून कुणाबरोबर तरी निघून गेले, असं त्याला सांगितलं. वहीतली सही दाखवली. त्याने माझे कपडे नेले. या वयात निदान सांगायचं तरी, असं म्हणाला.

मी विचारलं, रडला का?

“चहा घेतला,” मामा म्हणाले.

२२ नोव्हेंबर

चार.

श्वास माझ्याबरोबर. मी दोन छोटे घेऊन पाहिले. त्यानेही दोन छोटे. रडले तेव्हा तेही तसंच, हुंदक्यासारखं —

पाण्याची बाटली संपली. कोणी सरकवत नाही.

२३ नोव्हेंबर

दोन. मोजायला बाहेर गेले नाही. आता कापडातून कळतं. कापड आत येतं, बाहेर जातं.

फाटकापाशी नवीन बाई उतरलीय. जीपमधून. मामी बादली घेऊन — मी हाक मारली. तिने इकडे पाहिलं. मामांनी तिला काहीतरी सांगितलं आणि ती हसली.

२४ नोव्हेंबर

आज वेगळं आहे. ते आधी घेतं. मी मागून. माझ्या मनाने घ्यायला गेले तर छाती हलत नाही —

ते घेतं. मी घेते.

ते सोडतं. मी

२४, अजून

थांबलंय ते. रोखून धरलंय. मीही — किती वेळ — आता सोड, सोड ना, मला