सुमनची कांदाचाळ आणि दहा मिनिटांचा तज्ज्ञ

इंदिरानगर, रविवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. तज्ज्ञांची दहा-दहा मिनिटांची भाषणं होती, म्हणून चांदवडच्या सुमनला हौसेनं घेऊन गेले. वर्षाचा कांदा मी तिच्याकडूनच घेते. एक कोटवाला कांदा साठवण्यावर बोलायला उभा राहिला. पडद्यावर कांदाचाळीचा फोटो, खालून हवा खेळावी म्हणून बसवलेल्या बांबूच्या पट्ट्या. म्हणे, "ही आमची नवी पद्धत!" टाळ्या.

सुमन माझ्या कानाशी आली. "मॅडम, ही तर माझी चाळ हाय! पट्ट्या मीच बसवल्या. मागल्या साली चाळ बघून, पिठलं खाऊन गेला हा."

मी हात वर केला. आणि तसाच धरून बसले! परवानगीशिवाय उठायचं नाही, हे कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर लोकांनी अंगात मुरवलेलं. सत्तरीची बाई, हात वर करून! घंटा वाजली, तो उतरला. इथे प्रश्न घेत नाहीत म्हणे.

बाहेर आल्यावर सुमन म्हणाली, "जाऊ द्या. त्यानं सांगितलं म्हणून लोकांनी ऐकलं तरी. माझं कोण ऐकतंय?"

चोर कुठला! पण मी तरी? इतकी वर्षं घासाघीस करत आले. तिचा कांदा टिकतो कसा, हे एकदाही विचारलं नाही.